खंड्या ‘नाही’ म्हणाला



मागच्या आठवड्यात मी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि महाभारत झालं. व्हिडिओ जेमतेम २० सेकंदांचा. माझी लेक पायात स्की घालून बर्फावरून सुसाट चाललीय, आणि तिच्या कमरेला बांधलेली दोरी ओढत पुढे तिचा कुत्रा खंड्या पळतोय. नंदलालपुऱ्याच्या वन्संनी लगेच लिहिलं, "मुक्या जनावराला जुंपायचं? पाप लागतं गं." धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, तिकडे गाड्या मिळत नाहीत का?" भाच्यानं तर नुसते रागाचे चेहरे टाकले.

ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहितेय. खरं सांगते, डिसेंबरपर्यंत मीही हेच म्हणत होते.

लेक-जावई मिनेसोटात असतात. आपल्याकडचे आई-वडील तिकडे उन्हाळ्यात जातात, यंदा लेक म्हणाली, "आई, एकदा थंडीत ये." जानेवारीत गेले. इंदूरच्या थंडीत दोन स्वेटर घालणारी मी, तिथे उणे १२ ला लोक "आज बरं आहे हं" म्हणत होते!

या खेळाला स्कीजोरिंग म्हणतात. शब्द मूळ नॉर्वेचा. घोड्यामागेही करतात; १९२८ च्या सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो प्रकार प्रदर्शनीय खेळ म्हणून झाला होता. कुत्र्याचं तंत्र असं की त्याच्या गळ्याला काहीच बांधत नाहीत. छाती-खांद्यावर जोर येईल असा पट्ट्यांचा साज असतो. दोरी अडीच-तीन मीटरची, तिच्यात ताणला जाणारा भाग असतो, म्हणजे दोघांनाही हिसका बसत नाही. माणसाच्या कमरेला रुंद पट्टा, आणि एका झटक्यात दोरी सुटेल अशी कडी. स्कीला धातूची धार नको, कुत्र्याचे पाय कापतील. आणि माणूस नुसता मागे उभा राहत नाही, त्यालाही पायांनी आणि काठ्यांनी जोर लावावा लागतो. उजवीकडे वळायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’. हे शब्द मुळात तिकडच्या बैल-घोडे हाकणाऱ्यांचे. ते ऐकून मला आजोळची बैलगाडीच आठवली.

पहिल्या दिवशी मी लेकीला फैलावर घेतलं. "आपल्या घरात कुत्र्याला कधी कुणी राबवलं नाही." ती शांतपणे म्हणाली, "मोती आठवतो का, आई?" मी विषय बदलला.

फेब्रुवारीत आम्ही उत्तरेला गेलो, सुपीरियर सरोवराच्या काठी ग्रँड मरे गावाकडे. त्याच काठानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन बेअरग्रीस नावाचा ओजिब्वे टपालवाला हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीतून टपाल नेत असे. आजही त्याच्या नावानं तिथे कुत्र्यांच्या गाड्यांची मोठी शर्यत होते. म्हणजे त्या मुलखात कुत्र्याचं काम जुनंच. आपणही बैलाला वर्षभर जुंपतो आणि पोळ्याला ओवाळतो, तेव्हा कुठे पाप आठवतं?

स्कीसाठी यंत्रानं आखलेल्या वाटांवर बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना मनाई असते, पंजांनी वाट खराब होते म्हणून. त्यामुळे लेक खंड्याला घेऊन जंगलातल्या साध्या वाटेनं गेली. आठ किलोमीटर, दोन तासांत परत. मी आणि जावई गाडीत थर्मास घेऊन बसलो.

दोन तास झाले. अडीच झाले. फोनला रेंज नाही. माझी रामरक्षा तीनदा म्हणून झाली. सव्वातीन तासांनी जावई पायात बर्फावरून चालायच्या जाळ्या बांधून निघणार, तोच झाडांतून लेक दिसली. स्कीवरून अगदी सावकाश येत होती. दोरी गुंडाळून खांद्यावर. तिनं पाडलेल्या वाटेवरून मागे खंड्या तीन पायांवर, आणि चौथ्या पायात तिचा लोकरी मोजा.

वाटेत मऊ बर्फात त्याचा एक बूट निघून पडला होता. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरल्या आणि कातडी फाटली. तीन किलोमीटर उरले असताना तो खाली बसला.

"तो नाही म्हणाला, आई," लेक म्हणाली. "मी हाक मारली असती तर उठला असता गं. पाय तुटेपर्यंत पळाला असता. म्हणूनच मारली नाही."

त्या रात्री मला मोती आठवला. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी बारा वर्षं होता. लाडाचा. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला भरीत-रोडगा आधी त्याला. पाडव्याला श्रीखंड. आणि दिवसभर अंगणातल्या खांबाला साखळी. रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आली की तो असा ओढ घ्यायचा की गळ्याभोवती केस उरले नव्हते. लेक तेव्हा आठ वर्षांची. ती गुपचूप त्याची साखळी सोडायची आणि दोघं गल्लीत पळायची. त्यासाठी मी तिला दोनदा चोप दिलाय. मोती गेल्यावर पाहिलं, तर खांबाच्या लाकडाला साखळीनं घासून बोटभर खाच पडली होती. बारा वर्षं तोही ‘नाही’च म्हणत होता. आम्हाला ते ऐकू आलं नाही, कारण आम्ही त्याला कधी राबवलं नव्हतं ना!

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. कुत्र्यानं ओढणं हे पाप नाही. साज हातात घेतला की खंड्या दारात नाचतो, ते मी रोज पाहिलंय. पाप आहे ते त्याच्याकडे न बघण्यात. मग तो बर्फात असो, नाहीतर आपल्या अंगणात.

लेकीचंही चुकलंच. जास्तीचे बूट जवळ हवे होते, दर थांब्याला पंजे बघायला हवे होते. ते तिनं मान्य केलं. खोल बर्फात माणसानं पुढे होऊन वाट पाडायची, कुत्र्याला छातीनं बर्फ फोडायला लावायचं नाही. थंडीतही कुत्रा आतून तापतो, त्याला पाणी पाजायचं, बर्फ चाटून भागत नाही. हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत, ओढायला लावायचंच नाही. एवढं जमत नसेल तर व्हिडिओ बघून हौस भागवावी.

आणि वन्सं, रागावू नका, पण तुमच्या कॉलनीतला तो हस्की बघा. बर्फात मैलोन् मैल ओढण्यासाठी घडलेलं जनावर आपण मे महिन्यात, ४२ डिग्रीत, एसीच्या खोलीत डांबून ठेवतो. संध्याकाळी नोकराबरोबर दहा मिनिटं फेरी. त्याला कुणी पाप म्हणत नाही, शौक म्हणतात. पिल्लू आणण्याआधी एवढंच विचारावं, की याला ज्या कामाची ओढ आहे, ते आपण याला देऊ शकतो का? नसेल, तर आपल्या गल्लीतलंच एखादं घरी आणा. त्याला इथलं ऊन सोसतं. पण त्यालाही रोज पळवा.

खंड्याचा पाय बारा दिवसांत भरला. तेराव्या दिवशी साज घेऊन तोच दारात उभा होता. लेकीनं आधी चारही पंजे उचलून पाहिले, बोटांत बोटं घालून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू बांधतेस का?"

मी बांधला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या कुत्र्याला पळण्यासाठी बांधत होते.