नवे न्हाणीघर, जुनी ओल

न्हाणीघर नवे करण्यात घरातल्या सगळ्यांचीच हौस असते. टाइल्सचा रंग सासूबाईंच्या पसंतीचा, शॉवर मुलांच्या हट्टाचा आणि खर्चाचा मेळ घालणे गृहिणीच्या वाट्याचे. आठ-दहा दिवस धूळ आणि ठोकाठोकी सोसल्यावर काम पुरे होते. आणि महिनाही लोटत नाही तोच खालच्या मजल्यावरच्या वहिनी दाराशी येऊन म्हणतात, ‘‘ताई, राग मानू नका, पण आमच्या छतातून पाणी टपकतंय हो!’’ झाले! मिस्त्री म्हणतो, दोष प्लंबरचा. प्लंबर म्हणतो, दोष मिस्त्रीचा. आणि दोघांचेही पैसे चुकते झालेले असतात.

भिलईसारख्या गावात ही तक्रार अधिक नाजूक ठरते. भिलई पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबरच सेक्टर आणि क्वार्टरचे गाव वसले. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही इथलीच झाली. एका जिन्याने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या शेजाऱ्यांत हळदीकुंकवापासून दुखण्याखुपण्यापर्यंत सगळे वाटून घेतलेले असते. असा घरोबा छतावरच्या एका ओल्या डागापायी तुटू नये.

आधी शोध, मग फोडाफोडी

गळती दिसली की लगेच छिन्नी-हातोडा घेऊन बसू नये. पाणी तीनच वाटांनी येऊ शकते : नळाच्या पाइपमधून, सांडपाण्याच्या वाटेने किंवा फरशी आणि भिंतीच्या सांध्यांतून. यातली कोणती वाट दोषी आहे, हे घरच्या घरी ओळखता येते. मात्र स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सावकाश बाहेर पडते; म्हणून एक परीक्षा झाल्यावर दुसरी करण्यापूर्वी निदान एक दिवस जाऊ द्यावा.

पहिली परीक्षा : न्हाणीघर एक दिवस पूर्ण बंद ठेवावे, पण पाण्याची लाइन चालू असू द्यावी. तरीही खाली ठिबकणे तसेच राहिले, तर भिंतीतला पाइप किंवा त्याचा जोड गळतो आहे. न्हाणीघराचा मुख्य कॉक बंद केल्यावर ठिबकणे हळूहळू थांबले, तर खात्रीच पटते.

दुसरी : फरशी ओली न करता पाइपच्या तुकड्याने दोन-तीन बादल्या पाणी थेट जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडावे. खाली ओल वाढली, तर दोष ट्रॅपचा किंवा त्याला जोडलेल्या सांडपाण्याच्या पाइपचा.

तिसरी : ट्रॅपच्या तोंडाशी फडके गुंडाळलेला रबरी चेंडू घट्ट बसवावा आणि फरशीवर इंचभर पाणी साठवावे. पाणी उंबरठ्यापेक्षा खालीच राहील, हे पाहावे. पातळीवर पेन्सिलीने खूण करून ते चोवीस तास तसेच ठेवावे. बोळा घट्ट असूनही पातळी बरीच उतरली आणि खालचे छत ओले झाले, तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग सदोष आहे.

चौथी परीक्षा खास शॉवरची. डायव्हर्टरपासून शॉवरपर्यंत भिंतीतून वर जाणाऱ्या पाइपमध्ये दाबाचे पाणी येते ते फक्त शॉवर सुरू असताना. म्हणूनच हा दोष पहिल्या परीक्षेत सापडत नाही. शॉवरला लांब प्लास्टिकची पिशवी किंवा नळी बांधून पाणी सरळ ट्रॅपमध्ये जाईल असे करावे आणि पंधरा मिनिटे शॉवर चालू ठेवावा. भिंत किंवा फरशी न भिजताही खाली पाणी आले, आणि दुसऱ्या परीक्षेत ट्रॅप निर्दोष ठरला असेल, तर भिंतीतला तो पाइप किंवा शॉवरचा आटा गळतो आहे. तसे झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी शॉवरचा झोत भिंतीवर सोडून पाहावा. आता ओल आली, तर टाइल्सचे सांधे दोषी.

नव्या कामातच दोष का?

जुने न्हाणीघर वर्षानुवर्षे गळत नव्हते, मग नवेच का गळते? कारण जुनी फरशी उखडताना तिच्याखालचा कोबाही फुटतो. तो नीट न करता वरून नव्या टाइल्स बसवल्या, की वरचे रूप बदलते, पण आतली चाळण तशीच राहते. टाइल पाणी अडवते. सांध्यात भरलेला पांढरा सिमेंट मात्र पाणी शोषतो आणि त्याला तडेही जातात. खरे संरक्षण टाइलखालच्या थराचे. हा थर भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत चढवलेला हवा. ट्रॅपच्या तोंडातही तो वळवून घ्यायला हवा. बहुतेकदा पाणी झिरपते ते फरशी आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात आणि ट्रॅपच्या कडेने.

दुसरे कारण घाई. या भागात झोतभट्टीच्या स्लॅगपासून केलेला सिमेंट सहज मिळतो. तो चांगलाच असतो, पण त्याला ताकद सावकाश येते. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा द्यावा आणि शक्य तर तो चौदा दिवसांपर्यंत वाढवावा, असे भारतीय मानक सांगते. भर मे महिन्यात काम काढून दोनच दिवस पाणी मारले, तर कोब्याला तडे जाणारच.

तिसरे कारण क्षुल्लक वाटणारे. काम संपल्यावर टॉवेलचा दांडा आणि साबणदाणी बसवण्यासाठी टाइल्सला भोके पाडली जातात. एखादे भोक पाइपलाच लागते आणि बाकीची पाण्याला वाट करून देतात.

दुरुस्ती कुठे स्वस्त, कुठे महाग

शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ ठिबकतो, ते पाइपमध्ये उरलेले पाणी असते. त्याची चिंता नको. तासाभरानेही थेंब पडत असेल, तर कॉकचा वॉशर किंवा आतले कार्ट्रिज बदलावे. दर सेकंदाला एक थेंब म्हटला, तरी दिवसाकाठी चार लिटरहून अधिक पाणी वाया जाते. शॉवरच्या दांडीशी गळत असेल, तर ती उघडून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवली की भागते.

सांधे दोषी असतील, तर जुना सिमेंट खरवडून, जागा पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरावा. कोपऱ्यांत लवचीक सीलंट वापरावा. ओल्या सांध्यावर नवा थर फासणे म्हणजे मलमपट्टीच. फरशीखालचा थरच फुटला असेल, तर मन घट्ट करून फरशी उखडावी. वरवरच्या उपायांवर तीनदा खर्च करण्यापेक्षा हे एकदाच बरे. कारण मुरलेले पाणी स्लॅबमधल्या सळ्यांना गंज चढवते, गंजलेली सळी फुगते आणि खालच्या घरात छताचे पापुद्रे कोसळू लागतात.

खालच्या छतातला दिवा किंवा स्विचबोर्ड ओला होत असेल, तर आधी तिथला वीजप्रवाह बंद करून वायरमनला दाखवावे. यात एका दिवसाचीही दिरंगाई नको.

व्यवहार चोख, संबंध सलोख्याचे

क्वार्टर कारखान्याचे असेल, तर भिंती-फरशीला हात लावण्यापूर्वी नगरसेवा विभागाची परवानगी घ्यावी. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांवर असतो. नियम काहीही असो, आपल्या पाण्याने दुसऱ्याचे छत भिजले तर पहिली विचारपूस आपणच करावी, हे घरंदाजपणाचे लक्षण.

काम देतानाच थोडे लिहून घ्यावे : वॉटरप्रूफिंग कुठवर, कोणते साहित्य, गळती निघाल्यास किती काळ फुकट दुरुस्ती. टाइल्स बसण्यापूर्वी पाइपची दाबाखाली तपासणी आणि कोब्यावर चोवीस तास पाणी साठवण्याची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत व्हावी. मजुरीचा दहावा भाग ती पार पडेपर्यंत राखून ठेवावा. भिंत बुजवण्यापूर्वी पाइपचे फोटो काढून ठेवावेत. पुढे भोक पाडताना त्यांचा उपयोग होतो. पावत्याही जपाव्यात. ठेकेदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

आणि पाणी साठवून परीक्षा घ्यायच्या दिवशी खालच्या वहिनींनाही आधी सांगून ठेवावे. छताकडे लक्ष ठेवायला त्यांच्याइतके तत्पर दुसरे कोणी मिळणार नाही.