दुपारची झोप आणि चार्जिंगला लावलेला ड्रोन

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ७१, मधुमेह पंधरा-सोळा वर्षांचा. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर टपोरे फोड आले होते. मी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी सांगून टाकले, "डॉक्टर, नातवाच्या ड्रोनची बॅटरी."

घडले ते असे. शाळेला सुट्टी, मुलगा आणि सून कामावर. नातवाने ड्रोन उडवून बॅटरी संपवली आणि लगेच ती काढून चार्जिंगला लावली. पलंगाच्या उशाशी प्लग आहे म्हणून पलंगावरच, गोधडीवर. आजोबा शेजारी जरा लवंडले. तासाभराने जाग आली तेव्हा ती पाकिटासारखी चपटी बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. त्यांनी वायर ओढून काढली, बॅटरी चिमटीत धरली आणि मोरीकडे नेली. मोरीत पडतापडताच तिने पेट घेतला. घर वाचले, नातू वाचला. बोटे भाजली आहेत हे मात्र गुरुजींना कळले ते फोड दिसू लागल्यावर.

"सूनबाई काही बोलल्या नाहीत," ते म्हणाले, "पण दुसऱ्या दिवसापासून मुलाला तिच्या माहेरी ठेवायला लागल्या." फोडांपेक्षा ते दुखणे मोठे होते. म्हणूनच हा विषय या सदरात घेत आहे. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, होड्या, हेलिकॉप्टर, ड्रोन आता घरोघरी आहेत, आणि ते चार्ज होतात त्या वेळी घरात बहुतेकदा आजी-आजोबाच असतात.

या बॅटऱ्या बिघडण्यापूर्वी बहुधा इशारा देतात. त्या गरम होतात, फुगतात, कधी फुसफुसतात, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतो. आता वाचकहो, आपल्या वयाचा विचार करा. वयानुसार वासाची जाणीव कमी होते आणि पुष्कळांना ती कमी झाल्याचे कळतही नाही. ऐकू कमी येते. यंत्र दुपारी झोपताना काढून ठेवलेले असते. दीर्घकाळच्या मधुमेहात नसांवर परिणाम होतो. तो आधी पावलांवर दिसतो, पण पुढे बोटांच्या टोकांनाही उष्णता नीट कळेनाशी होते. गुरुजींचे तेच झाले. बॅटरी ज्या भाषेत बोलते ती भाषाच आपल्याला अस्पष्ट ऐकू येते. म्हणून "गरम लागली तर काढीन" हा नियम साठीनंतर पुरेसा नाही. बोटांवर आणि नाकावर विसंबण्यापेक्षा घड्याळावर आणि जागेवर विसंबावे.

आधी बॅटरी ओळखायला शिकू या. खेळण्यांत साधारण तीन प्रकार येतात. पहिला, पेन्सिल सेलसारखा दिसणारा निकेल-मेटल हायड्राइडचा सेल, त्यावर १.२ व्होल्ट छापलेले असते. हा त्यातल्या त्यात शांत स्वभावाचा. दुसरा, लिथियमचा गोल नळकांडीसारखा सेल, ३.७ व्होल्टचा. येथे एक फसगत आहे. काही रिमोटच्या गाड्यांत येणारा लिथियम सेल आकाराने हुबेहूब पेन्सिल सेलएवढा असतो. तो चुकून टीव्हीच्या रिमोटमध्ये गेला तर रिमोट बिघडतो. निकेलच्या चार्जरमध्ये गेला तर पेटू शकतो. तिसरा प्रकार मऊ पाकिटाचा, लिथियम पॉलिमरचा. वजनाने हलका म्हणून ड्रोन आणि हेलिकॉप्टर यांत तोच असतो. त्याला कठीण कवच नसते; टोचले, वाकले, आदळले तर आतले पापुद्रे एकमेकांना टेकतात. अक्षर बारीक असते, तेव्हा चष्मा लावून किंवा नातवाकडून आकडा वाचून घ्यावा आणि जाड शाईने सेलवर चिकटपट्टीवर मोठा लिहून ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे.

लिथियम हे नाव ऐकून घाबरण्याचे मात्र कारण नाही. आपला मोबाइल त्यावरच चालतो. या बॅटरीसाठी २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. त्यांतले जॉन गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते, आजवरच्या नोबेल मानकऱ्यांत सर्वांत वयोवृद्ध. तेव्हा हे आपल्या पिढीला न झेपणारे काही आहे, असे मुलांना म्हणू देऊ नका.

खरी अडचण आपल्या जुन्या सवयींची आहे. बॅटरीचे सेल मंद झाले की आपण ते उन्हात ठेवीत असू. मीही ठेवले आहेत. कोणी दाताने चावून पाहत, कोणी जमिनीवर आपटत, आणि फ्रिज आल्यावर तर सेल लोण्याशेजारी जाऊन बसले. साध्या सेलांना हे चालून जाई. लिथियमच्या सेलला ऊन, चावणे, आपटणे यांपैकी काहीही चालत नाही, आणि फ्रिजमधून काढल्यावर त्यावर दव जमून गंज चढतो. आणखी एक सवय म्हणजे चार्ज न होणारे साधे सेल चार्जरमध्ये घालून पाहण्याची. ते आतून वायू धरतात, गळतात, कधी फुटतात. काटकसर समजू शकतो. पण ती येथे नको.

आता चार्जिंग. खेळून झाल्याबरोबर बॅटरी चार्जिंगला लावू नये. ती आधीच तापलेली असते. अर्धा तास थंड होऊ द्यावी. मग खेळण्याबरोबर आलेली तीच वायर वापरावी. पिन बसते म्हणून दुसऱ्या गाडीची वायर लावू नये, कारण चार्जिंग कुठे थांबवायचे हे ठरवणारा छोटा सर्किटचा तुकडा अनेकदा त्या वायरीतच असतो. लिथियमचा एक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतो. त्यापुढे दाबून भरला की तो तापतो आणि फुगतो. जागा कोणती? फरशी, कडाप्पा, स्वयंपाकघराचा मोकळा ओटा. पलंग, सोफा, गोधडी, वर्तमानपत्र यांवर कधीही नाही. घराच्या दाराजवळ किंवा जिन्याखालीही नाही, कारण पेटलीच तर आपल्याला बाहेर पडायची वाट तीच असते. घरात कोणाला ऑक्सिजनचे यंत्र लावलेले असेल तर त्या खोलीत चार्जिंग करूच नये. हवेत ऑक्सिजन वाढला की ठिणगीचा जाळ व्हायला वेळ लागत नाही.

वेळेविषयी मी हट्टी आहे. आपण जागे असू तेव्हाच चार्जिंग. झोपण्यापूर्वी, देवळात जाण्यापूर्वी, अंघोळीला जाण्यापूर्वी वायर काढलेली असावी. सुरू केल्याची वेळ कागदावर लिहावी आणि स्वयंपाकघरातला गजर लावावा. पुस्तिकेत एक तास सांगितला असेल आणि सव्वा तासानंतरही दिव्याचा रंग बदलला नसेल, तर बॅटरी थकली आहे असे समजून काढून ठेवावी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची मर्यादाही साधारण तेवढीच असते. तेव्हा पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चार्जिंग नको, आणि उन्हात उभ्या मोटारीत खेळणे विसरणे तर नकोच.

ठेवणीचे शास्त्र थोडक्यात सांगतो. शाळा सुरू झाली की ड्रोन कपाटावर जातो आणि दिवाळीत खाली उतरतो. मधल्या काळात लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली राहिली तर हळूहळू फुगते. पूर्ण रिकामी राहिली तर त्याहून वाईट. आतले तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना नको तेथे साचून आतल्या आत जोड करते. म्हणून ती निम्मी भरलेली ठेवावी. मोजण्याचे यंत्र नसेल तर पूर्ण चार्ज करून नेहमीच्या निम्मा वेळ खेळावे आणि मग बॅटरी खेळण्यातून काढून ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावे. निकेलच्या सेलांना एवढे पथ्य नाही, पण तेही काढूनच ठेवावेत. गळलेला सेल खेळणे खाऊन टाकतो. सुटे सेल नाणी, किल्ल्या, सेफ्टी पिना यांच्या डब्यात टाकू नयेत. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या कप्प्यांत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावेत.

इतके करूनही बॅटरी फुगलेली दिसली तर? बोर्डवरचे बटण बंद करा आणि बॅटरीला हात लावू नका. ती धुमसत किंवा फुसफुसत असेल तर मुलाला घेऊन खोलीबाहेर या, दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो. तो छातीत गेला असेल आणि खोकला, घोगरा आवाज किंवा धाप असेल, तर "आता बरे वाटते" म्हणून घरी थांबू नये. दम्याच्या रुग्णांनी तर मुळीच नाही, कारण त्रास काही तासांनीही वाढतो. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. घड्याळ लावून वीस. अंगठी, बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतले काहीही लावू नये. गळलेल्या सेलचा द्रव डोळ्यात गेला तर तेच पाणी, तितकाच वेळ, आणि मग डॉक्टर. मधुमेही व्यक्तीने लहानसा फोडही त्याच दिवशी दाखवावा.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी आहे. काही खेळण्यांच्या रिमोटमध्ये चपटा बटण सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहून तेथे दाहक अल्क तयार होते आणि दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. खेळणे चालवण्याइतकी शक्ती न उरलेला सेलही हे करू शकतो. नुसता संशय आला तरी एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. वाहन नसेल तर १०८. उलटी करवू नये, खायला देऊ नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झालेले नसतील, तर जाताना वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजा मंदावते इतकेच. मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये. आणि आजोबांनो, श्रवणयंत्राचा सेल व गोळी एकाच तबकात ठेवू नका. गोळी समजून सेल गिळणारे ज्येष्ठ नागरिकही असतात.

बाद झालेल्या बॅटरीला कचऱ्याच्या डब्यात जागा नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की तेथे पेटते. टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या कुंडीत, सावलीत बाहेर ठेवावी आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे किंवा विक्रेत्याकडे द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

गुरुजी तिसऱ्या वेळी ड्रेसिंगला आले तेव्हा नातू बरोबर होता. सूनबाईंना मी फोन केला नव्हता. गुरुजींनीच चार्जिंगची जागा बदलून, ओट्याच्या कोपऱ्यात पाटी टांगून त्यांना दाखवली होती. पाटीवर वेळ नातू लिहितो आणि गजर आजोबा लावतात. मुलाने मला विचारले, "डॉक्टरकाका, आजोबांच्या बोटांना गरम कळत नाही, मग चहा कसा पितात?" मी त्यांची बोटे पुन्हा तपासायला घेतली, आणि पावलेही.