आंबिलीला तिचे स्थान परत देऊ या

बेळगावात व्यवसाय सुरू केला, त्या आरंभीच्या वर्षांतील एक प्रसंग मला अजून बोचतो. खानापूर भागातून एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आली होती. मूल अशक्त होते. मी औषधे लिहिली आणि शेवटी दुधात घालावयाच्या एका तयार पावडरीचे नाव लिहिले. आजीने भीतभीत विचारले, "डॉक्टर, नाचण्याची आंबील दिली तर चालतंय की?" कागदावरून मान वर न करता मी म्हणालो, "आज्जी, त्यात काय आहे? हा डबाच आणा."

महिन्याने ती परत आली. मुलाचे वजन वाढले नव्हते. महागाचा तो डबा पुरावा म्हणून पेलाभर पाण्यात अर्धा चमचा पावडर दिली जात होती. "आणि आंबील?" मी विचारले. "तुम्ही सांगितलासा म्हणून बंद केली," असे ती मोठ्या विश्वासाने म्हणाली. त्या घरातील एक चांगले अन्न माझ्या एका वाक्याने बंद झाले होते.

"त्यात काय आहे?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत सापडते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते 10 मिलिग्रॅमही नसते. चोथाही नाचणीत 11 ग्रॅमच्या आसपास आहे. एका वेळच्या आंबिलीला 30 ग्रॅम पीठ धरले, तरी 100 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम होते. शिवाय आपल्या भागातील कृतीच शास्त्राला धरून आहे. पीठ रात्रभर भिजवून आंबवल्याने खनिजांच्या शोषणास अडथळा आणणारे फायटेट कमी होते आणि नंतर मिसळलेल्या ताकातून प्रथिने मिळतात.

तथापि आंबिलीचे गुण गाताना अतिशयोक्ती नको. नाचणीत लोह आहे, पण त्याचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. म्हणून रक्तक्षय झालेल्या मुलास लोहाचे औषध द्यावेच लागते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा नियमही अबाधित आहे. त्यानंतर मऊ शिजवलेले नाचणीसत्त्व द्यावे. वर्षाच्या आत त्यात मीठ वा साखर घालू नये. आणि आंबील दिली म्हणून डाळ, भाजी, अंडे यांची गरज संपत नाही.

वारे मात्र बदलत आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. 2024 मध्ये कर्नाटक शासनाने शाळांतील दुधात आठवड्यातून तीन दिवस नाचणीचे माल्ट मिसळून देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना डब्यातील पेये 'आरोग्य पेये' या सदरातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही.

शासनाला जे उमगले, ते आपल्या दवाखान्यांत केव्हा उमटणार? गरिबांचे, शेतावरच्या गड्यांचे खाणे म्हणून शहरी घरांनी आंबील मागे सारली, हे खरे. पण त्यावर शिक्कामोर्तब आम्ही डॉक्टरांनी केले. आम्ही लिहिलेले घरात येते आणि न विचारलेले घरातून जाते.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. मुलाचा आहार विचारताना केवळ "दूध किती पिते?" एवढ्यावर थांबू नका, "घरी आंबील होते का?" असेही विचारा. होत असेल, तर औषधांच्या खाली 'आंबील, रोज एक वाटी' असे स्वच्छ अक्षरांत लिहा. तोंडी सांगितलेले विसरले जाते, लिहिलेले पाळले जाते. आणि आपल्या आरोग्य शिबिरांत मुलांना बिस्किटांच्या पुड्यांऐवजी आंबीलच द्यावी, असे मला वाटते.

त्या आजीला पुढल्या खेपेस मी आंबील पुन्हा सुरू करायला सांगितले. ती हसून म्हणाली, "मग आधीच का नाही सांगितलासा?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तो तुम्हांला कोणी विचारू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.