घेणे अधिक, देणे कमी : डीएसएलचे प्रकार आणि मोडेम

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे श्री मल्लिनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र. अशा गावी आजी-आजोबा राहतात आणि मुले-नातवंडे पुण्या-मुंबईस वा परदेशी, हे चित्र आता घरोघरी दिसते. भेटीचे साधन उरते व्हिडिओ कॉल. घरातील इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरचे असेल, तर एक गोष्ट पुष्कळदा घडते : आजीला नातवंडे स्वच्छ दिसतात, नातवंडांना मात्र आजी अडखळत, तुटक दिसते. दोष मोबाइलचा असेलच असे नाही. तो जोडणीच्या प्रकारातही असू शकतो.

डीएसएल म्हणजे दूरध्वनीच्या तांब्याच्या जोडतारेवरून येणारे इंटरनेट. संभाषणास सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्यावरील मोकळ्या पट्ट्यातून माहिती वाहते. स्प्लिटरची छोटी डबी दोन्ही वेगळे करते, म्हणून फोन व इंटरनेट एकाच वेळी चालतात. बीएसएनएलने ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली, तेव्हा प्रतिसेकंद २५६ किलोबिट वेगासही ब्रॉडबँड म्हणत.

एडीएसएलमधील ‘ए’ म्हणजे असमान. त्यात घरी येणारी माहिती प्रतिसेकंद ८ मेगाबिटपर्यंत, तर बाहेर जाणारी जेमतेम १ मेगाबिट. एडीएसएल२+ मध्ये येणारा वेग २४ पर्यंत वाढला. जाणारा साधारण तेवढाच राहिला. आजीचे चित्र अडते ते इथेच. व्हीडीएसएल२ दोन्ही बाजूंनी बरेच वेगवान. परंतु त्याचा खरा लाभ केंद्रापासून सुमारे एक किलोमीटरच्या आतच मिळतो. एसएचडीएसएलमध्ये घेणे-देणे समान. ते बँका व कार्यालयांच्या उपयोगाचे, मात्र त्या तारेवर साधा फोन चालत नाही.

मोडेम जोडणीला अनुरूप हवा. एडीएसएलचा जुना मोडेम व्हीडीएसएल जोडणीवर चालत नाही. व्हीडीएसएल२चे अनेक मोडेम मात्र एडीएसएलवरही चालतात. खोक्यावरील मोठा आकडा पाहून महाग मोडेम घेतला, तरी तार लांब वा गंजलेली असल्यास वेग वाढत नाही. आणि फायबर आले, तर डीएसएल मोडेमचे काम संपते. तेथे ओएनटी हे निराळे यंत्र लागते.

म्हणून खरेदीपूर्वी सेवादात्यास तीन प्रश्न विचारावेत : जोडणी कोणत्या प्रकारची? घरापासून केंद्रापर्यंत तार किती लांब? अपलोडचा वेग किती? तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. व्हिडिओ कॉल आणि मंदिरातील प्रवचनाचे थेट प्रक्षेपण दोन्ही त्यावरच अवलंबून असतात.

गरजेपुरतेच घ्यावे, ही परिग्रह-परिमाणाची शिकवण यंत्रांनाही लागू पडते. आजीचा चेहरा नातवंडांपर्यंत पोहोचावा एवढीच गरज असेल, तर आधी जोडणी तपासावी. मोडेमचा विचार त्यानंतर.