बिनतारी मापकें आणि वेळेची साक्ष

पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची व ती किती वाजतां संपली, या प्रश्नावरून गांवोगांवीं किती तंटे झाले आहेत हें वाचकांस सांगावयास नको. आतां जमिनीची ओल व नळांतील पाणी मोजणारीं लहान बिनतारी यंत्रें शेतांत येऊं लागलीं आहेत. त्यांच्या टिपणांवर पाण्याचा हिशेब सोंपविण्यापूर्वीं त्यांतील घड्याळें कितपत खरीं, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अशा यंत्रांत क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारें स्वस्त घड्याळ असतें. तें दहा लाख सेकंदांत ४० सेकंदही चुकूं शकतें. म्हणजे दिवसास सुमारें साडेतीन सेकंद व महिन्यास पावणेदोन मिनिटें. ओल मोजण्यास एवढ्यानें बिघडत नाहीं. परंतु उपसा योजनेचा पुरलेला लोखंडी नळ कोठें फुटला हें, गळतीचा आवाज दोन टोकांच्या यंत्रांकडे कोणत्या क्षणीं पोहोंचला यावरून काढतात. त्या नळांतील पाण्यांतून ध्वनि सेकंदास १००० मीटरांहून अधिक वेगानें धांवतो. दोन घड्याळांत सेकंदाच्या शंभराव्या भागाची तफावत पडली, तरी खड्डा ५ मीटरांहून अधिक दूर, भलत्याच जागीं खणला जातो.

म्हणून हीं यंत्रें एकमेकांस वेळ विचारून घड्याळें जुळवितात. निरोपाच्या जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असें धरून फरक काढावयाचा, अशी पद्धति लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत सौरभ गनेरीवाल प्रभृतींनीं २००३ सालीं मांडली. तींतील धोकाही गनेरीवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनींच २००५ सालीं दाखविला.

निरोपास गुप्त किल्लीची मोहोर असते, सबब भय नाहीं, असें यावर उत्तर मिळतें. आम्हीं महसुली कारकुनींत हयात घालविली; आम्हांस हें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. मोहोर शाबूत, सही खरी, मजकूर अक्षरशः बरोबर, आणि तरी लखोटा मध्येंच कोणी आठ दिवस दाबून ठेविल्यामुळें अपिलाची मुदत टळली, असे कागद आमच्या हातांखालून गेले आहेत. मोहोरेवरून मजकूर कळतो. वाटेंत किती वेळ गेला तें कळत नाहीं. बिनतारी निरोपाचेंही तसेंच आहे. लबाड मनुष्य मूळ निरोप गोंगाटानें बुजवितो, स्वतः टिपून ठेवितो आणि हव्या तितक्या वेळानें जसाच्या तसा सोडतो. मोहोर खरी ठरते. घड्याळ मात्र त्या विलंबाच्या निम्म्यानें चुकतें. जेथें तपासणीच नाहीं, तेथें तासभर दाबलेला निरोप पाळीचा अर्धा तास खातो.

उपाय कारकुनास ओळखीचा आहे. कागद गेल्याची तारीख जावक बारनिशींत व उत्तर आल्याची आवक बारनिशींत असते. दोहोंतील अंतर रिवाजापेक्षां फार वाढलें कीं संशय घ्यावा. यंत्रानेंही जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजावा व तो ठरीव मर्यादेबाहेर गेल्यास तें उत्तर टाकून द्यावें. २००५ सालची सूचना हीच होती. उत्तर देणारें यंत्रच फितलें असेल, तर मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें अनेक शेजारी यंत्रांस विचारून मधला आंकडा धरावा लागतो, व त्यांत विजेचे घट लवकर संपतात.

आमचें मत असें कीं, नुसत्या ओलीच्या मापनासाठीं पाणी संस्थांनीं हा खर्च करूं नये. परंतु ज्या यंत्राच्या टिपणावर पाळी, आकारणी किंवा दंड ठरणार, त्याची विलंबाची मर्यादा किती व ती ओलांडल्यास यंत्र काय करतें, हें विक्रेत्याकडून करारांत लेखी घ्यावें. तो नाकारील तर पाटकऱ्याची वही बंद करूं नये.