हरवलेला आकडा

मुलांनो, एक गंमत करा. पहिल्या वहीत ४ लिहा, दुसरीत ३, तिसरीत बेरीज ७. पहिली वही हरवली, तरी ७ मधून ३ वजा केले की ४ सापडतात ना? १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या ‘रेड-५’ पद्धतीत डिस्क साधारण असंच एकमेकींना सांभाळतात.

पण चुकून ४ ऐवजी ९ लिहिलेत तर? बेरीजही १२ होणार! चूकसुद्धा जपली जाते. म्हणून लिनक्स सर्व्हरवर फाइलींच्या नोंदी बिघडल्या, तर आधी डिस्क तपासा, वेगळी प्रत काढा, तो भाग वापरातून सोडवा आणि मगच ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा द्या.

प्रत नव्हती म्हणून माझ्या वर्गाचे सहलीचे फोटो कायमचे गेले. तुमच्या आवडत्या फोटोंची दुसरी प्रत आहे ना?