रंगीत अंड्याचा भाव कुणाच्या पदरात?

शहरात अंडे आता रंगावर विकले जाते. पांढऱ्याला एक भाव, तांबूस गावरानाला त्याहून बराच चढा, कडकनाथचे नाव लावले की आणखी वर. निळी-हिरवी अंडी देणाऱ्या शोभेच्या कोंबड्यांचीही हौशी मंडळींत चर्चा आहे. परसात असल्या कोंबड्या पाळू का, असे मायबहिणी आम्हाला विचारतात. आम्ही म्हणतो, जरूर पाळा. पण पिलांना पैसे मोजण्याआधी एवढे ऐका.

कवचाचा रंग जातीवर ठरतो, दाण्यावर नाही. तांबूस रंग अंडे बाहेर पडण्याआधी अगदी शेवटी वरून चढतो. फोडून पाहा, आतून कवच पांढुरकेच असते. चिलीतल्या अरौकाना कोंबडीच्या अंड्याचा निळा रंग मात्र कवचात आरपार मुरलेला असतो. त्या शुद्ध वाणाचा कोंबडा तांबूस अंड्याच्या कोंबडीला दाखवला, की पुढच्या पिढीच्या तलंगा हिरवट अंडी घालतात. यात जादू काही नाही. कडकनाथचे मांस काळे, अंडे मात्र फिकट बदामी. काळे अंडे म्हणून कुणी दाखवले तर समजावे, रंगवलेले आहे. आणि कवचाच्या रंगाने आतले प्रथिन तसूभरही वाढत नाही. दाण्याने आणि हिरव्या पाल्याने बदलतो तो बलक.

मग गिऱ्हाईक जादा पैसे मोजते ते कशाचे? उकिरड्यावर, गोठ्यात फिरून पोट भरणाऱ्या कोंबडीवरच्या विश्वासाचे. हा विश्वास घरच्या बाईने कमावला. त्यावर डल्ला मारतो पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून खपवणारा. घरच्या बाईच्या हातात पडतो तो व्यापारी देईल तो भाव.

दुसरा डल्ला याहून मोठा. सांगली-कोल्हापूर भागातले शेतकरी 2019 साल विसरलेले नाहीत. कडकनाथची पिले द्यायची, त्यासाठी लाखांनी पैसे भरून घ्यायचे, अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याची हमी लिहून द्यायची. आणि एके दिवशी खरेदीच बंद. खुराड्यातले पक्षी दाणा मागत राहिले, मालक पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत राहिले. दोष कडकनाथचा नव्हता. झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते उगीच नाही. पण त्या व्यवहारात नफा होता पिले विकण्यात. अंडे खाणारे गिऱ्हाईक त्या साखळीत कुठेच नव्हते! उद्या निळ्या अंड्यांच्या पिलांची अशीच हमी घेऊन कुणी दारात आला, तर एकच विचारा: हे अंडे खाणार कोण, आणि कितीला?

कृषी महाविद्यालयात आम्हाला व्हाइट लेगहॉर्नचा हिशेब पाठ करायला लावला. परसातल्या कोंबडीचा हिशेब कुणी मांडलाच नाही. तो साधा आहे. दहा-बारा पक्षी, खर्च जवळजवळ घरचाच, आणि गिऱ्हाईक ओळखीचे. कडकनाथ क्वचितच खुडूक बसते, म्हणून तिची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. नुसती तांबूस अंडी जास्त हवी असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया आहे. शोभेच्या पक्ष्यामागे धावायची गरज नाही.

खरा घात करते मानमोडी. एका रात्रीत खुराडे रिकामे होते. पहिल्याच आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घातला पाहिजे, दोन महिन्यांची झाल्यावर पुढची लस. अडचण अशी, की कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी ती कोण फोडणार? म्हणून साऱ्या गल्लीने पिले एकाच सुमारास काढावीत, आणि लशीचा दिवसही एकच ठरवावा.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे लिहून आणावेत: गावरान अंड्याला दारात मिळालेला भाव, आणि त्याच आठवड्यात शहरातल्या दुकानात लागलेला भाव. पुढचे बोलणे त्या आकड्यांवर करू.